समुद्राचे शेवाळ आणि गावची हापशी

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाचा विषय बाजूला ठेवून आज पाण्याचा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. पण गावोगाव बोलताना एक प्रश्न आम्हाला सारखा विचारला जातो. समुद्रातले शेवाळ पाण्यातले विषारी धातू ओढून घेते असे शास्त्रज्ञ सांगतात. मग ते आणून आपल्या हापशीला का बसवू नये? प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही, म्हणून थोडे सविस्तर बोलू.

समुद्रशेवाळ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. कृषी केंद्रात 'सी-वीड' लिहिलेली बाटली मिळते, ती पुष्कळांनी पऱ्हाटीवर फवारली असेल. २०२१ साली केंद्र सरकारने अशा मालाला खत नियंत्रण आदेशात जागाही दिली. पण त्या बाटलीत असतो शेवाळाचा अर्क. धातू धरून ठेवते ती शेवाळाची वाळलेली काया. तेव्हा ती बाटली विहिरीत ओतून पाणी शुद्ध होईल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

शेवाळे हिरवी असतात, तांबडी असतात आणि तपकिरी असतात. या कामाला तपकिरी जात सर्वांत चांगली. रत्नागिरी-मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नावाचे तपकिरी शेवाळ उगवते. त्याच्या पेशींच्या भिंतीत अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ असतो. आपल्याच कापसाच्या कापडावर छपाई करताना रंग घट्ट करायला हा पदार्थ वापरतात आणि आइस्क्रीम दाट करायलाही तोच वापरतात. या अल्जिनेटच्या साखळीवर जागोजाग ऋण भाराच्या बैठका असतात आणि समुद्रात असताना त्यांवर कॅल्शियम, सोडियम बसलेले असतात. पाण्यातून शिसे किंवा कॅडमियम आले की आधी बसलेला उठतो आणि हा बसतो. एस.टी.त रुमाल टाकून धरलेली जागा एखादा दांडगा गडी बळकावतो ना, तसाच हा प्रकार. त्यासाठी शेवाळ जिवंत असण्याचीही गरज नाही. वाळवून, भरडून नळकांड्यात भरले आणि त्यातून पाणी सोडले तरी काम होते.

ही थाप नव्हे. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्होलेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले. तपकिरी शेवाळाची एक ग्रॅम वाळलेली पूड शंभर मिलिग्रॅमहून अधिक कॅडमियम धरू शकते, असे त्यांनी १९९३ साली दाखवले. शिशाच्या बाबतीत सरगॅसमचा आकडा प्रयोगशाळेत दोनशेच्याही वर जातो. म्हणजे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे शिसे ते पोटात घेते.

आता दुसरी बाजू पाहा. हे आकडे भरपूर धातू असलेल्या, मुद्दाम तयार केलेल्या पाण्याचे आहेत. आपल्या विहिरीचे पाणी जड. तीनशे मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी धरा आणि तो सगळा कॅल्शियमचा आहे असे माना. एका लिटरात १२० मिलिग्रॅम कॅल्शियम झाले. त्यात शिसे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पाचपट आहे असे समजा. तरी वजनाने शिशापेक्षा कॅल्शियम २४०० पट! शेवाळाला शिसे अधिक प्रिय आहे हे खरे, पण गाडीत गर्दीच एवढी झाल्यावर प्रियजनालाही दार सापडत नाही. शिवाय पाण्याचा आंबटपणा बदलला की हिशेब बदलतो. पाणी फार आंबट झाले तर शेवाळ धरलेले धातू सोडून देते. सौम्य आम्लाने धुऊन तेच शेवाळ पुन्हा वापरतात ते याच गुणामुळे. पण धुतल्यावर धातू त्या आम्लात उतरतात, नाहीसे होत नाहीत. ते आम्ल आणि शेवटी निकामी झालेले शेवाळ टाकायचे कुठे? उकिरड्यावर टाकले तर खतातून वावरात आणि वावरातून ताटात. या कामाचा बराच खर्च इथेच आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पण आम्हाला मुख्य सांगायचे आहे ते वेगळेच. यवतमाळ जिल्ह्यात पाण्याचे जे सर्वांत जुने आणि सर्वांत मोठे दुखणे आहे, ते जड धातूंचे नाही. ते फ्लोराइडचे आहे. पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगाव, वणी हा पट्टा पाहा. जमिनीखालच्या खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरते आणि बहुतेक ठिकाणी उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरमध्ये ते अधिक सापडते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला एक मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा, आणि दुसरे पाणीच नसेल तर फार तर दीड. त्यापुढे वर्षानुवर्षे प्यायले की लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मोठ्यांचे सांधे आखडतात, मान वळत नाही, पाठ वाकते. वाकलेली पाठ पुन्हा सरळ होत नाही. आपल्या देशात हा आजार १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यात नोंदला गेला. म्हणजे माहिती नव्हती असे म्हणायची सोय कोणत्याच सरकारला नाही.

आणि फ्लोराइडवर शेवाळ चालत नाही! शेवाळाच्या बैठका ऋण भाराच्या, फ्लोराइडचा भारही ऋण. दोघे एकमेकांना ढकलतात. शेवाळावर आधी दुसरा एखादा धातू चढवून फ्लोराइड धरण्याचे प्रयोग झाले आहेत, पण तो वेगळा माल झाला. किनाऱ्यावरचे शेवाळ पोत्यात भरून आणले आणि हापशीखाली ठेवले तर फ्लोराइड होते तेवढेच राहील. उलट गावाला वाटेल आपले पाणी शुद्ध झाले आणि लोक ते निर्धास्त पीत राहतील. नायट्रेटचेही तसेच. २०१७ साली या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे गेली. तेव्हापासून पाण्यातल्या औषधाची भीती सगळ्यांच्या मनात आहे. पण धातू धरण्याची ही युक्ती कीटकनाशकावर लागू पडत नाही.

फ्लोराइडवर उपाय नाही असे मात्र नव्हे. तो शोधायला समुद्रावर जावे लागत नाही, नागपूरपर्यंत गेले तरी पुरते. तिथल्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात नलगोंडा पद्धत बसवली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरल्या मापाने घालायची, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. तुरटी तर आपल्या घरी असतेच. गढूळ पाण्यात आपण ती फिरवतो. पण इथे तुरटी गढूळपणासाठी लागते त्याहून पुष्कळ जास्त लागते. माप पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि क्षारतेवर ठरते, आणि ते चुकले तर तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम पाण्यात उरते. म्हणून माप प्रयोगशाळेने सांगितलेलेच घ्यावे, शेजाऱ्याने सांगितलेले नव्हे. दुसरा मार्ग सक्रिय अ‍ॅल्युमिनाच्या गाळणीचा आणि तिसरा आर.ओ.चा. दोन्ही चालतात, देखभाल असेपर्यंत. उद्घाटनाला मंत्री येतात. गाळणी बदलायला कोण येणार, हे कोनशिलेवर लिहिलेले नसते. आणि एक गोष्ट मायबहिणींनी लक्षात ठेवावी. पाणी उकळल्याने फ्लोराइडही जात नाही आणि धातूही जात नाहीत. पाणी आटते आणि ते अधिकच दाट होतात.

मग शेवाळ आपल्या काहीच कामाचे नाही का? आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. वणीच्या बाजूला उकणी, कोलारपिंपरी अशा कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतले पाणी उपसून बाहेर सोडावे लागते. कोळशात गंधकाचे खनिज असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होते आणि ते खडकातले धातू सोडवते. हे जगभर पाहिलेले आहे. आपल्या खाणींच्या पाण्यात धातू आहेतच, असे आम्ही म्हणत नाही. पाण्याचा तपासणी अहवाल पाहिल्याशिवाय तसे म्हणणे बरोबर नाही. पण तो अहवाल मागण्याचा हक्क आपल्याला आहे. १९७४ च्या पाणी कायद्याखाली बाहेर पाणी सोडणाऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. त्या संमतीच्या अटी आणि तपासणीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात. धातू निघाले तर शेवाळाची गाळणी बसवायची ती पाणी जिथून बाहेर पडते त्या तोंडाशी. तिथे पाणी एकाच ठिकाणी असते, धातू दाट असतात आणि शेवाळाची ताकद कामी येते. निकामी शेवाळाची विल्हेवाट लावायला तिथे जबाबदार मालकही असतो. तेच पाणी निर्गुडेला आणि वर्धेला मिळाल्यावर प्रत्येक घरात गाळणी विकायची, हा उलटा धंदा झाला. पाणी नासवणाऱ्याचा खर्च आपल्या अंगावर घालण्याचाच हा प्रकार, आणि शेतकऱ्याच्या अंगावर खर्च घालण्याचे प्रकार आपण थोडे पाहिलेले नाहीत. शेवाळ मालवणहून वणीला आणायचे भाडेही त्या मालकानेच भरावे.

आता कामाचे. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने आपल्या पाण्याचे आकडे आणायचे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, नमुने घेणे हे त्याचे काम आहे. गावाला लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले ते विचारा, पण रंगावर थांबू नका. प्रयोगशाळेचा कागद हातात घ्या आणि फ्लोराइड, नायट्रेट, कठीणपणा हे तीन आकडे उतरवून घ्या. धातूंची तपासणी नेहमीच्या तपासणीत होईलच असे नाही, ती वेगळी मागावी लागते. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियमची ०.००३, हे पाठ असू द्या.

नमुना घेताना हापशी आधी चांगली पाच मिनिटे हापसा, नळीत साचलेले पाणी जाऊ द्या. फ्लोराइडसाठी काचेची बाटली नको, प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून भरा. धातूंसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. तिच्यात आम्ल घातलेले असते, ते ओतून देऊ नका आणि ती बाटली विसळूही नका. बाटलीवर गाव, हापशीची जागा, खोली आणि तारीख लिहा. विहिरीचा आणि बोअरचा नमुना वेगवेगळा घ्या. विहिरीचे पाणी बरे निघाले तर प्यायला विहीर आणि वापरायला बोअर, एवढा बदल गाव आपल्या हिमतीवर उद्यापासून करू शकते. मात्र विहिरीच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायला विसरू नका.