खुर्ची सुटल्यावर



गुजरात सरकारच्या नोकरीत बहुतेकांची खुर्ची 58व्या वर्षी सुटते, केंद्राच्या नोकरीत 60व्या. आणि सुरतेत ती सुटली की फोन सुरू होतात. रिंग रोडच्या कापड मार्केटमधून, पांडेसरा-सचिनच्या जीआयडीसीतून, हजिऱ्याच्या कंपन्यांतून. सल्लागार म्हणून या, आठवड्यातून तीनच दिवस या, गाडी पाठवतो. देऊ केलेली रक्कम कधी कधी शेवटच्या पगाराहून मोठी असते. इकडे घरात अडाजणच्या फ्लॅटचे हप्ते चालू असतात, मुलीचं लग्न व्हायचं असतं. जे 1 एप्रिल 2005 नंतर राज्य सरकारच्या नोकरीला लागले, त्यांना तर जुनी पेन्शनही नाही. अशा माणसाला ‘आता हरी हरी करा’ म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. म्हातारपणी पैसा मिळवण्यात कमीपणा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. हा फोन तुमच्या कामाला आला, की तुमच्या ओळखीला?

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ जन्मभर बॉयलरवर काम करून निवृत्त झाले. आता पांडेसऱ्यातल्या डाइंगच्या गिरण्यांत जातात. गेल्या गेल्या कागद मागत नाहीत. आधी गेज ग्लासपाशी उभे राहतात. ड्रेन कॉक उघडून काचेतलं पाणी सोडून देतात, कॉक बंद करतात आणि पाणी पुन्हा किती झटकन वर येतं ते पाहतात. रेंगाळलं, तर वाट क्षाराने तुंबलीय. म्हणजे काचेत दिसणारी पातळी खरी नाही. आत पाणी कमी असेल, नळ्या कोरड्या तापत असतील आणि ऑपरेटरला पत्ता नसेल. एवढ्या एका नजरेवर पाळीतल्या सगळ्यांचे जीव अवलंबून असतात. शेठ त्यांना भरपूर पैसे देतो. द्यायलाच हवेत. उद्या त्यांची कुठल्याही कचेरीत ओळख उरली नाही, तरी हा फोन येतच राहील.

दुसरा फोन मात्र असा असतो: ‘साहेब, तुम्हाला काही करायचं नाही. फक्त एकदा बोलून घ्या.’ हा फोन ज्याला येतो तो तीस वर्षांत कायदा शिकला, पण गिऱ्हाइकाला कायदा नकोय. खुर्चीवर आता बसलेल्या कनिष्ठाचा संकोच हवाय. तो कनिष्ठ याच्याच हाताखाली तयार झाला, याला बघून आजही उभा राहतो. हा आदर त्याने या माणसाला दिला होता. तो बाजारात नेऊन विकायचा हक्क कुणी दिला? केंद्राच्या गट ‘अ’ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत खासगी धंद्यात जायचं तर सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. ती कमी केली हे मला पटलेलं नाही. एका वर्षात कुणी कुणाला विसरत नाही.

कामाचे पैसे घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. या शहराने कवी नर्मदला डोक्यावर घेतलं, त्याच्या नावाने विद्यापीठ आहे. 1858 साली, पंचविशीत, त्याने मास्तरकी सोडली आणि लेखणीवर जगायचं ठरवलं. कर्ज झालं, हाल झाले. 24 वर्षांनी, 1882 साली, त्याला मुंबईत गोकुळदास तेजपाल धर्मादायात चिटणिशी पत्करावी लागली. 1886 मध्ये तो गेला. त्याचा पण मोडला, असं लोक हळहळून सांगतात. मला त्यात मोडणं दिसत नाही. त्याने काम केलं आणि कामाचा पगार घेतला.

आणि ज्यांना खरंच काही करायचं नाही, त्यांना घरच्यांनी टोचू नये. सकाळी तापीकाठी फिरावं, दुपारी ज्ञानेश्वरी उघडावी, नातवाला शाळेतून आणावं, एवढं पुरेसं आहे. पस्तीस वर्षं घड्याळाला बांधलेल्या माणसाने ते कमावलेलं असतं.

पण मंडळी, हा सगळा वाद आपल्या बँकवाल्यांचा आणि कचेरीवाल्यांचा. धुळे, नंदुरबार, जळगावहून तापी लाइनने आलेला आपला माणूस लिंबायत-उधन्यात बारा-बारा तास लूमवर उभा राहतो. मीटरवर मजुरी; कान गेले, गुडघे गेले, तरी त्याला निवृत्ती नाही. ज्यांचा पीएफ कापला गेला, त्यांना दहा वर्षांची नोकरी भरली तर 58व्या वर्षी पेन्शन मिळू शकते. किमान रक्कम महिन्याला 1,000 रुपये. 2014 पासून तीच. तीही अनेकदा अडकते: आधारवर एक नाव, कारखान्याच्या नोंदीत दुसरं, जुन्या मालकाकडची वर्षं नव्या खात्यात जोडलेलीच नाहीत. दोष कामगाराचा नसतो, पण खेटे त्यालाच घालावे लागतात.

या सभागृहात निवृत्त कारकून आहेत, लेखापाल आहेत, बँकेतले अधिकारी आहेत. नावातली चूक कशी दुरुस्त करायची, सेवाकाल कसा जोडायचा, हयातीचा दाखला कुठे द्यायचा, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. रविवारी सकाळी दोन तास लिंबायतमध्ये एक टेबल मांडायचं आहे. जागा बघून ठेवली आहे. सल्लागार म्हणून बाकीचे दिवस कुठेही जा, गाडी येईल तिकडे जा. रविवारसाठी नावं मी व्याख्यान संपल्यावर इथेच, दाराशी लिहून घेणार आहे.