ऐरणीचे दोन सोबती

'ॲन्व्हिल' म्हणजे ऐरण. या नावाच्या कॅनडातील वाद्यवृंदावर साचा गर्व्हासी यांनी २००८ साली अनुबोधपट काढला. गिटारवाला कडलो आणि ढोलवादक रायनर हे पोरवयापासूनचे सोबती. १९८४ साली जपानात गाजले, पुढे मागे पडले. कडलो शाळांत जेवण पोचवी, रायनर बांधकामावर राबे. प्रागमध्ये उशीर झाला म्हणून क्लबवाल्याने बिदागी नाकारली, तेव्हा आमची मूठ आपोआप वळली. हा हिशेब आमच्या ओळखीचा!

पण मनात राहिले ते डोव्हरचे भांडण. बहिणीच्या उसन्या पैशांवर ध्वनिमुद्रण चाललेले, आणि कडलो रायनरला नको ते बोलला. रायनर निघालाच होता. समेट झाला, तेरावी तबकडी पुरी झाली. संघटनेतला आमचा एक सोबती असाच रात्री उठून गेला. आम्ही हाक मारली नाही.