हसलेला अनारसा

मला ‘सीमाभागातली मराठी’ हा विषय दिला आहे. या विषयावर बोलायचं म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करायची, अशी आपल्याकडं रीत आहे. मी आज आमच्या निपाणीच्या स्वयंपाकघरापासून करतो.

माझी आई गोकाककडची, घरी कन्नड बोलणारी. लग्न होऊन आली तेव्हा मराठी तिला समजायची, बोलता यायची नाही. पहिल्या दिवाळीत आज्जीनं तिला अनारशाला बसवलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग सावलीत धोतरावर पसरून, ओलसर असतानाच कुटायचे, चाळायचे. गूळ कालवून गोळा चार-आठ दिवस डब्यात ठेवायचा. खसखशीवर थापायचा, तुपात सोडायचा, पण उलटायचा नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवायचं, म्हणजे जाळी पडते. आईचा पहिलाच अनारसा कढईत विरघळला. आज्जी म्हणाली, “हसला की गं!” आईला वाटलं, झकास जमला. तीही हसली. “हसतीस काय? पिठी आण,” आज्जी म्हणाली. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, मग कोरडी पिठी मिसळून गोळा सावरावा लागतो, हे आई त्या दिवशी शिकली. मोहन, साटा, मुरड हे शब्दही तिला असेच हातानं आले.

ती करंजीला ‘कर्जिकायी’ म्हणायची, पुरणाला ‘हूरण’. आम्ही पोरं तिला हसायचो. जुन्या कन्नडातला ‘प’ पुढं ‘ह’ झाला, दुधाचं ‘पाल्’ होतं ते ‘हालु’ झालं, हे मी एम.ए.ला वाचलं. तेव्हा कळलं, पुरण आणि हूरण एकच. पण आईला ते सांगायला मी काही घरी धावलो नाही.

२०११ च्या जनगणनेचा माणूस आला. मातृभाषेचा रकाना प्रत्येकाला एकच. मी दारातच सगळ्यांची नावं सांगत गेलो: मराठी, मराठी, मराठी. आईचंही. इतर भाषांमध्ये तिची कन्नड घातली, तेवढंच. ती आत भाकऱ्या थापत होती, तिला ऐकू येत होतं. ती काही बोलली नाही. मी मराठीचा शिक्षक. आपली संख्या कमी पडू नये, एवढंच डोक्यात. आपले शब्द चोरले जातात म्हणून आपण ओरडतो, आणि मी आईचा रकाना परस्पर भरला.

आज्जी गेली. आता घरात अनारसे फक्त आईला येतात. मागच्या दिवाळीत माझ्या मुलीनं तिला विचारलं, “आज्जी, याला कन्नडात काय म्हणतात?”

“आमच्या अव्वाच्या घरात करत नव्हते गं. हितंच शिकले. मला त्याचा कन्नड शब्द कुठला?” मग मुलीचा हात धरून म्हणाली, “खसखस वर. वरच ठेव. नाहीतर हसतंय बघ.”

जनगणना पुन्हा होईल. या वेळी मी आईला बाहेर बोलावणार आहे.