विसरणाऱ्या माणसाची सोबत

‘साठी बुद्धी नाठी’ असं आपण सहज बोलून जातो. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं एकच गोष्ट चारदा विचारली, की हसण्यावारी न्यायला ही म्हण सोयीची पडते. परंतु श्रोतेहो, नुसतं वय झालं म्हणून बुद्धी नाहीशी होत नसते. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं निराळं आणि चष्म्याचं करायचं काय हेच न उमगणं निराळं. हा दुसरा प्रकार स्मृतिभ्रंशाचा असू शकतो. तो मेंदूचा आजार आहे. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली प्रथम मांडला. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला.

थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाची खिन्नता यांनीही विसर पडतो आणि त्यांवर उपाय असतात. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावं, हे उघडच आहे. पण स्मृतिभ्रंश आहे असं ठरल्यावर पुढे काय? तो पुरता बरा करणारं औषध अजून नाही. मग घरच्यांच्या हाती काय उरतं?

पुष्कळच उरतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंददायक चित्रफिती दाखवल्या गेल्या. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळात त्यांना पाहिलेलं फारसं आठवेना. पण मनात उठलेलं दुःख किंवा आनंद मात्र मागे रेंगाळत राहिला. विसर पडला तो प्रसंगाचा, भावनेचा नव्हे. ‘कसंही बोललं तरी त्यांना कुठे लक्षात राहतंय?’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आपण रागावलो हे त्या विसरतील, पण मन उगीचच उदास का झालं, हे न कळता दिवसभर कष्टी राहतील.

समजा, आजी विचारतात, ‘अगं, हे अजून आले नाहीत का?’ आजोबांना जाऊन दहा वर्षं झालेली. सून खरं तेच सांगते, ‘आई, बाबा गेले ना!’ आजींना ती बातमी नवीच असते. त्या रडतात, तासाभरानं विसरतात आणि पुन्हा विचारतात. दिवसातून तीनदा वैधव्य कोणाच्या वाट्याला यावं? त्याऐवजी, ‘आई, बाबांची फार आठवण येतेय का? त्यांना तुमच्या हातचं काय आवडायचं हो?’ असं विचारून पाहावं. यात खोटं काहीच नाही आणि आजी बोलत्या होतात.

दुसरी गोष्ट कामाची. या आजारात बहुधा ताज्या आठवणी आधी जातात. हातांना जडलेल्या सवयी त्यामानानं उशिरापर्यंत टिकतात. म्हणून वाती वळणं, मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं, झाडांना पाणी देणं अशी कामं त्यांच्याकडे असू द्यावीत. घडी वाकडी झाली तर झाली. त्यांच्यासमोर ती पुन्हा घालू नये. लहानपणीच्या ओव्या, आरत्या, भजनं सुरू करून द्यावीत. पुष्कळदा पुढचे शब्द आपोआप येतात. जुने फोटो अवश्य दाखवावेत, पण ‘ओळखा पाहू हा कोण?’ अशी परीक्षा घेऊ नये. ‘हा तुमचा धाकटा भाऊ’ असं आपणच सांगावं.

आणि जी व्यक्ती हे सारं करते, बहुधा घरातली सून, लेक किंवा बायको, तिचं काय? रात्रीची झोप मोडलेल्या माणसाकडून गोड शब्दांची अपेक्षा किती ठेवायची? बाकीच्यांनी आठवड्यातला एक दिवस, निदान रोजचे दोन तास, हे काम वाटून घ्यावं. तिला त्या वेळात निजू द्यावं, बाहेर जाऊ द्यावं. लांब राहणाऱ्या मुलानं फोनवर सल्ले देण्यापेक्षा चार दिवस येऊन राहावं. विसरणाऱ्या माणसाशी मायेनं वागायचं, तर त्याला सांभाळणाऱ्या माणसापासूनच सुरुवात करायला हवी.