सुंता : रूढी आणि वैद्यक

चाकणला तळेगाव चौकाजवळ माझा दवाखाना आहे. एकदा पहिली पाळी सुटल्यावर एक तरुण कामगार आला आणि सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहिला. लघवीला जळजळ होते, म्हणाला. तपासलं, तर पुढची कातडी मागे सरकत नव्हती, तिला चिरा पडल्या होत्या. रक्तातली साखर निघाली 280. मधुमेहात असं होतं, आणि पुष्कळदा मधुमेहाचा पत्ता अशा दुखण्यातूनच लागतो.

साखर आटोक्यात आणली, मलम दिलं. पण कातडी व्रण धरून आवळली होती. ती काढावी लागेल म्हटल्यावर तो उठूनच उभा राहिला. "साहेब, हे तर त्यांच्यात करतात. खोलीवरच्या पोरांना कळलं तर? दोन महिन्यांवर लग्न आलंय."

'त्यांच्यात' म्हणजे मुसलमानांत. पण आपल्या कोकणातले, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायलीही मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात. ज्या घरात ही रीत आहे तिथे तो समारंभ असतो. नसेल तिथे तीच गोष्ट लाजेची होते. कातडी मात्र सगळ्यांची सारखीच.

या विषयातलं एक महत्त्वाचं संशोधन आपल्या पुण्यातच झालं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या दोन हजारांहून अधिक पुरुषांचा पाठपुरावा केला. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : सुंता झालेल्यांना एचआयव्हीची लागण बरीच कमी होती, पण गरमी आणि परमा यांपासून मात्र तसं संरक्षण दिसलं नाही. मला यातला दुसरा भागच मोलाचा वाटतो. फरक केवळ वागणुकीचा असता, तर सगळेच गुप्तरोग कमी दिसले असते. कातडीच्या आतल्या बाजूला हा विषाणू ज्यांना चिकटतो अशा पेशी पुष्कळ असतात, म्हणून फरक पडतो.

पुढे दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत, स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, जिथे एचआयव्ही फार आणि सुंता कमी अशा देशांसाठी शिफारस केली. 2019 पर्यंत आफ्रिकेत अडीच कोटींहून अधिक पुरुषांनी ती करून घेतली. भारतात प्रौढांमधलं प्रमाण 0.2 टक्के, इथे सरसकट सुंतेची गरज नाही. आणि ज्याची झाली आहे त्यानं निरोध सोडावा, असंही नाही. बायकोला यातून थेट संरक्षण मिळत नाही.

रीत पाळणाऱ्यांनाही एक सांगतो. न्हाव्याकडून सुंता करून आणलेला, रक्त थांबत नसलेला एक पोरगा मी पाहिला आहे. त्याच्या मामालाही लहानपणी असंच रक्त जात असे, हे बापाला नंतर आठवलं. दवाखान्यात हा प्रश्न आधी विचारला जातो.

आमच्या तरुणाची अडचण निराळीच होती. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे संबंध टाळायचे, आणि लग्नाला तेवढेही दिवस उरले नव्हते. मी म्हटलं, मधुमेहाचं तरी मुलीला सांग. त्यानं फोनवर दोन्ही सांगून टाकलं. तारीख पुढं ढकलायचा हट्ट मग तिनंच घरी धरला.

शस्त्रक्रियेला पाऊण तास लागला. रजेच्या दाखल्यावर हर्निया लिहा म्हणून तो मागे लागला होता. खोटं कसं लिहू? 'लहान शस्त्रक्रिया, दहा दिवस विश्रांती' एवढंच लिहिलं. कंपनीत कोणी काही विचारलं नाही.