सालमन फ्लाय, शिरूरची पिसं आणि दोऱ्याचा ताण

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागात मी ओघात सांगितलं होतं की सुट्टीच्या दिवशी घरी बसून मी सालमन फ्लाय बांधतो. त्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता: शिरूरला सालमन कुठून आला?

आला नाही आणि येणारही नाही. सालमन हा थंड पाण्याचा, समुद्रातून नदीत चढणारा मासा. आपल्या घोडनदीत आणि दौंडच्या भीमेत मरळ, वाम, शिंगटा मिळतो. उजनीच्या फुगवट्याकडे गेलात तर चिलापीच चिलापी. मग सालमनची माशी कशाला? तर बांधकाम शिकायला. तबला शिकणारा जसा कायदा वाजवतो, तसं. गळावर रेशीम, जर आणि पिसं बांधायची ही सगळ्यात अवघड रीत. ही हाताला बसली की चिलापीसाठी लागणारी साधी माशी चहा निवायच्या आत होते.

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याशी येऊन भिडतो. सालमन फ्लाय ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांची हौस. जॉर्ज केल्सन यांचं 'द सालमन फ्लाय' हे पुस्तक १८९५ चं, आणि प्राइस-टॅनॅट यांचं बांधणीवरचं पुस्तक १९१४ चं. आजही जगभरचे बांधणारे ही दोन उघडून बसतात. त्यांतल्या कृती वाचल्या की वाटतं, ही माशी आहे की पक्षिसंग्रहालय! 'जॉक स्कॉट' नावाची प्रसिद्ध माशी घ्या. तिच्यात टूकनची पिवळी पिसं, सोनेरी फेझंटचा तुरा, मोराचे तंतू, आणि दोन्ही बाजूंना 'जंगल कॉक'चं पीस. हा जंगल कॉक म्हणजे आपला राखी रानकोंबडा. मानेवरच्या पिसांवर मेण सांडल्यासारखे पांढरे-पिवळे ठिपके असतात, तोच. भीमाशंकरच्या जंगलात तो आहे. भीमा तिथेच उगम पावते, आणि आपली घोडनदीही आंबेगावच्या त्याच डोंगररांगेतून येते. म्हणजे स्कॉटलंडच्या नदीत पडणाऱ्या माशीचा डोळा सह्याद्रीतला.

उलटा प्रवासही आहे. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. कर्नल साइक्स हे कंपनी सरकारचे अधिकारी दख्खनची माहिती गोळा करत हिंडले आणि इथल्या माशांवर त्यांनी १८३९ च्या सुमारास लिहिलं. आपला दख्खनी महाशीर, शास्त्रीय नावात ज्याला 'खुद्री' म्हणतात, तो त्यांनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत नोंदवला. 'मुसुल्ला' नावाचा दुसरा एक मोठा मासा त्यांनी नोंदवला तो खुद्द शिरूरच्या घोडनदीतला. आज शिरूरच्या पुलावर उभं राहून पाण्याकडे बघितलं की हे खरं वाटत नाही. पण लिहून ठेवलेलं आहे.

आता कामाचं बोलू. सामान काय लागतं?

गळ धरायला व्हाइस. रांजणगाव एमआयडीसीत काम करणाऱ्याला मी व्हाइस काय समजावून सांगू? पिन व्हाइस एका पट्टीवर तिरका बसवला तरी सुरुवातीला चालतो. गळ हलता कामा नये, बास. दोरा बारीक आणि मजबूत, त्याला मधमाशीचं मेण चोळायचं. चकाकत्या पट्टीसाठी बाहेरून टिन्सल मागवायची गरज नाही. माझ्या मिसेसनी जुन्या साडीचा विरलेला काठ दिला, त्यातली जर मी दोन वर्षं वापरतोय. जर काळी पडू नये म्हणून वरून पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात.

पिसांसाठी पोल्ट्रीत जाऊ नका. ब्रॉयलर दीड महिन्यात कापला जातो, त्याच्या मानेला अजून कामाचं पीसच आलेलं नसतं. वयात आलेला गावरान कोंबडा बघा. मानेवरचं पीस लांब, निमुळतं आणि चकचकीत असतं. घरात जत्रेला कोंबडं कापलं जातंच, तेव्हा मान फेकू नका म्हणून सांगून ठेवा. पंखांसाठी पांढरं बदक आणि टर्की. पिसं आधी शाम्पूच्या कोमट पाण्यात धुवायची, तेलकटपणा गेला पाहिजे. मग लोकरीचा रंग आणि थोडं व्हिनेगर घालून गरम पाण्यात रंगवायची. पाणी उकळू द्यायचं नाही. वाळली की हवाबंद डब्यात, सोबत डांबराच्या गोळ्या. कसर लागली तर वर्षाची मेहनत आठवड्यात भुगा होते.

आणि मोर. आपल्या शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, वेगळं काय सांगू. पावसाळा सरता सरता मोर पिसारा गाळतो. आपोआप गळलेलं पीस जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही. मोराला हात लावणं मात्र गुन्हा. आणि मोरपीस देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हात सुधारायच्या पाच गोष्टी.

पहिली, दोऱ्याचा ताण. नवशिक्याचा दोरा एक तर सैल असतो नाहीतर तुटतो. म्हणून मुद्दाम तोडा. रिकाम्या गळावर चार वेढे घ्या आणि दोरा तुटेपर्यंत हळूहळू ओढा. असं वीस वेळा. तुटण्याच्या क्षणाआधी बोटाला जे जाणवतं, त्याच्या अलीकडे थांबून काम करायचं. टॉर्क रेंच वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल.

दुसरी, जागा. माशीचं डोकं शेवटी बांधतात, पण त्याची जागा सगळ्यात आधी राखायची. गळाच्या नेढ्यामागे दोऱ्याच्या पाच-सहा वेढ्यांइतकी जागा मोकळी सोडा आणि तिथे काहीही झालं तरी जायचं नाही. डोकं बोजड झालं की समजा, तीन पायऱ्या आधी वेढे उधळलेत. जिथे तीन वेढ्यांत भागतं तिथे सहा घ्यायचे नाहीत.

तिसरी, रेशमाचं अंग. रेशमाचा मोकळा पीळ खरखरीत बोटाला अडकतो आणि पिंजतो. आपले हात कामगाराचे. त्यावर उपाय घरचाच: चमचाभर साखर, थोडं गोडेतेल, दोन्ही हातांना चोळायचं आणि साबणाने स्वच्छ धुवायचं. हात कोरडे करून मगच रेशमाला लावायचे. रेशमाखालचा थर सपाट हवा. खाली उंचवटा असेल तर वरचं रेशीम तो झाकत नाही, उलट दाखवतं. वेढे झाले की चमच्याच्या गुळगुळीत दांड्याने हलकेच घासा, लख्ख बसतं.

चौथी, मोराचा तंतू. दिसायला देखणा पण नाजूक. माशाच्या दाताने एका फटक्यात उसवतो. त्यावर बारीक तार उलट्या दिशेने गुंडाळायची. तंतू उजवीकडून गेला असेल तर तार डावीकडून. म्हणजे तंतू एका जागी तुटला तरी तार पुढचे वेढे धरून ठेवते.

पाचवी आणि सगळ्यात अवघड, पंख. पिसाच्या केसांना बारीक आकडे असतात, त्यामुळे वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या एकमेकींना लावून बोटांत अलगद चोळल्या की त्या जुळतात आणि एकच पीस असल्यासारख्या दिसतात. नियम एकच: डाव्या पंखाच्या पिसाला डाव्या पंखाचंच पीस. उजव्याशी त्याचं जुळत नाही, कितीही समजूत घाला. पंख गळावर बसवताना चिमटीत घट्ट धरायचा, दोऱ्याची सैल आढी चिमटीतच घ्यायची आणि मग दोरा सरळ खाली ओढायचा. बाजूला ओढलात की पंख कलंडला.

हे सगळं दहा माश्यांवर करा, पण दहाही एकाच प्रकारच्या. पहिली आणि दहावी शेजारी ठेवून बघा. मधली एखादी ब्लेडने उभी चिरा, आत वेढे कसे बसलेत ते दिसतं. गळ परत वापरता येतो.

आता ते मोरपिसाचं वाक्य. गेल्या दिवाळीच्या आधी एका ओळखीच्या माणसामार्फत परदेशातल्या एका संग्राहकाची मागणी आली. बारा 'जॉक स्कॉट', जुन्या कृतीप्रमाणे, खरी पिसं घालून. पैसे महिन्याच्या पगाराच्या जवळ जाणारे. मुलीची डिप्लोमाची फी भरायची होती, त्यामुळे मी लगेच नाही म्हणालो नाही, हिशोब केला. त्याच माणसाने वर सांगितलं, "रानकोंबड्याची मान मी मिळवून देतो, कोण विचारतंय?"

हिशोब असा होता. एका माशीला रानकोंबड्याची निदान दोन पिसं. बाराला चोवीस. ती पिसं मिळणार ती मेलेल्या पक्ष्याच्या मानेवरची, आणि तो पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. इंग्लंडमध्ये लोक हे पक्षी पाळतात आणि त्यांची पिसं रीतसर विकतात, पण माझ्यासमोर आलेली मान पाळलेल्याची नव्हती. वर मोराचे तंतू पाकिटातून बाहेर पाठवायचे, तोही गुन्हाच.

या छंदाला हा रोग जुना आहे. २००९ साली लंडनजवळच्या ट्रिंग इथल्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, ती सालमन फ्लायच्या पिसांसाठी. त्यांत आल्फ्रेड वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले पक्षी होते. काही परत मिळाले, पण अनेकांच्या पायाची चिठ्ठी गेलेली होती. कुठला, कधीचा, हेच पुसलं गेलं तर शास्त्राच्या दृष्टीने तो पक्षी मुका झाला.

मी कळवलं, अशा माश्या बांधून देणार नाही. पाळीव पक्ष्यांच्या पिसांच्या बांधतो, हव्या तर सांगा. त्यांना त्या नको होत्या. फी ओव्हरटाइमने भरली. सौ. म्हणाल्या, "अहो, दोन महिने रविवार गेले, पण पोलीस दारात आले नाहीत." विषय संपला.

पण त्यातून एक चांगली गोष्ट झाली. रानकोंबड्याचा 'डोळा' घरी कसा करायचा यावर मी बसलो. गावरान कोंबड्याचं काळं, छोटं, गोलसर टोकाचं पीस घ्यायचं. नेलपॉलिशमधून एकदा ओढून वाळवायचं, म्हणजे त्याचे केस एकत्र चिकटतात. मग टाचणीच्या डोक्याने पांढरा लांबट ठिपका, तो वाळला की त्याच्या टोकाला छोटा पिवळसर. वर पुन्हा पारदर्शक हात. हातभर अंतरावरून माझ्या मुलीला खरं-खोटं ओळखता आलं नाही, आणि तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. टूकनच्या जागी हळदीसारखं पिवळं रंगवलेलं बदकाचं पीस चालतं.

माशाला हा फरक कळतो का? मला विचाराल तर मासा हालचाल, आकार आणि उजेड बघतो. पिसाचं कूळ माणूस बघतो.

आज एवढंच. घरचा अभ्यास: रिकामा गळ, मेण लावलेला दोरा आणि वीस वेळा तोडणे. पिसाला अजून हात लावायचा नाही. पुढच्या भागात चिलापीसाठी मोराच्या दोन तंतूंची साधी माशी बांधू, दौंडच्या खालच्या अंगाला नेऊन बघण्यासारखी. तोवर दोरा ताणून धरा. नमस्कार.