मंगळवारचे काका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



फळ्याजवळ उभं राहायला मी किती घाबरायचो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पाच मिनिटांतच आटोपतो. निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. तेच सांगतो.

दर मंगळवारी मी शहरातल्या एका बालगृहात गणित शिकवायला जातो. मुलं मला ‘मंगळवारचे काका’ म्हणतात. बालगृह म्हटलं की आपल्याला उंटवाडी आठवते, वाढदिवसाला दिलेलं जेवण आठवतं. मलाही तेवढंच माहीत होतं. आत काय ठरतं, ते तिथे गेल्यावर कळलं.

ज्या मुलाला घर नाही किंवा जे घरात सुरक्षित नाही, त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे आणावं लागतं. २०१५च्या बाल न्याय कायद्यातली ही समिती. एक अध्यक्ष, चार सदस्य, महिन्याला किमान वीस दिवस बैठक आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. मूल कुठे राहणार, कोणाकडे जाणार, हे तिथे ठरतं. मुलाचं म्हणणं ऐकलं पाहिजे, असंही कायदा सांगतो. पण नऊ वर्षांचं मूल पाच अनोळखी माणसांसमोर काय बोलणार?

असाच एक मुलगा माझ्या वर्गात आला. त्याचं नाव सांगणार नाही. कायद्याचं कलम ७४ ते सांगू देत नाही, आणि ते योग्यच आहे. आई वारलेली, वडील निघून गेलेले. सहा वर्षांची बहीण मुलींच्या बालगृहात. समितीपुढे तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा मान खाली घालून परत आला. माझ्याकडे मात्र पाढे म्हणायचा.

एका मंगळवारी मी गेलो नाही. घरात लग्न होतं, धावपळ होती. ‘येतो’ म्हणून सांगितलं होतं, ‘येत नाही’ हे सांगायला एक फोन करायचा राहून गेला. पुढच्या आठवड्यात अधीक्षकबाई म्हणाल्या, “तो संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होता. जेवायलाही उठेना.” त्यानंतर तीन मंगळवार तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी आपला त्याच्या शेजारी बसून बेरजा तपासायचो. चूक माझी होती, समजूत तरी कशी घालणार?

चौथ्या मंगळवारी वहीकडे बघतच तो म्हणाला, “माझी मावशी आहे.” गावाचं नाव त्याला नीट येत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं, की चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे लोक मावशीच्या दारावरून जातात आणि ती त्यांना पाणी देते. आधी का सांगितलं नाहीस, असं विचारलं, तर म्हणाला, “ती मला एकट्यालाच नेईल. ताईला कोण नेणार?” धाकट्या बहिणीला तो ताईच म्हणायचा.

पुढच्या बैठकीला समितीच्या परवानगीने मी त्याच्याजवळ बसलो. बोललो काहीच नाही. बोलला तो. तेवढ्या खुणेवरून बाल संरक्षण कक्षाच्या लोकांनी मावशीला शोधून काढलं. ती द्राक्षबागेत मजुरीला जाते. दोन्ही मुलं हवी होती, पण खाऊ काय घालू, हा तिचा प्रश्न होता. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. तिच्यात अशा मुलांसाठी महिन्याला प्रत्येकी २,२५० रुपये मिळतात. चौकशी झाली, गृहभेट झाली आणि दोघं एकाच घरात गेली.

अमेरिकेत १९७७ साली सिअ‍ॅटलच्या डेव्हिड सौकप नावाच्या न्यायाधीशांना हीच अडचण जाणवली. मुलाच्या बाजूने बोलणारं कोणी त्यांच्यासमोर नसायचं. त्यांनी साध्या नागरिकांना शिकवून एकेका मुलासोबत उभं केलं. आपल्याकडे तशी पद्धत अजून रुळलेली नाही. पण ‘पोक्सो’च्या खटल्यात मुलासोबत राहणारी सहाय्यक व्यक्ती असते, कायद्यात प्रतिपालक कुटुंबाची सोय आहे, आणि भावंडांना होता होईतो एकत्र ठेवावं, असंही त्यात लिहिलेलं आहे. नियम आहेत, माणसं कमी पडतात.

मित्रांनो, वाढदिवसाला जेवण जरूर द्या. पण तुमच्यापैकी कोणी वकील आहे, कोणी डॉक्टर, कोणी निवृत्त शिक्षिका. आठवड्याचा एक तास द्या, परवानगी रीतसर घ्या आणि दोन वर्षं तरी खंड पडू देऊ नका. तेवढं जमणार नसेल, तर सुरूच करू नका. हे मी पायरीवर बसलेल्या त्या मुलाकडून शिकलो. आणि रस्त्यावर, स्टेशनवर एकटं मूल दिसलं, तर १०९८ला फोन करा.

आपल्या बाई हजेरी घ्यायच्या. कोणी गैरहजर असला, की “का रे आला नाही?” असं शेजारच्याला विचारायच्या. तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, आपल्याबद्दल तसं विचारणारं रोज कोणीतरी होतं.

चहाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलाशी आहे. ज्यांना यायचंय, त्यांनी नाव आणि आपला वार सांगा. मंगळवार माझा आहे, बाकीचे सहा मोकळे आहेत.